डेबियन १२ वरून १३ वर जायचं का? तीन मशीन्स, तीन वेगळी उत्तरं

प्रश्न असा आहे: एका छोट्या कार्यालयात डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या १२ व्या आवृत्तीवर चालणारी तीन मशीन्स आहेत. रोजच्या कामाचा लॅपटॉप, ईमेल, वेबसाइट आणि डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर, आणि जुन्या फाइल्स साठवण्यापुरतं ठेवलेलं एक ३२-बिट मशीन. डेबियन १३ आलं आहे. ते तिन्हींवर लगेच चढवावं का, चढवताना काय बिघडू शकतं, आणि सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करणं जास्त बरं का?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. लॅपटॉपवर बॅकअप घेऊन खुशाल चढवा. सर्व्हरवरही चढवा, पण त्याआधी एक अख्खा दिवस फक्त वाचनाला आणि तयारीला द्या. जुन्या ३२-बिट मशीनवर मात्र अपग्रेड अजिबात सुरू करू नका. त्याचं काय करायचं हे त्याचा प्रोसेसर पाहून ठरेल. पुसून नव्याने इन्स्टॉल करायची वेळ आलीच, तर ती फक्त या तिसऱ्यावर येईल.

डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ ला प्रसिद्ध झालं. त्याआधीचं 'बुकवर्म' १० जून २०२३ चं. नव्या आवृत्तीत एकूण ६९,८३० पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल करता येणारे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आहेत. त्यांतली १४,१०० हून अधिक पूर्णपणे नवी, ४४,३२६ अद्ययावत केलेली. जुनी झाली म्हणून आधीची ८,८४० हून अधिक काढून टाकली. हे सगळं कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला, १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारा प्रकल्प करतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

'नवी आवृत्ती आहे, थोडी मुरू द्या' हा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. इतर काही सिस्टिम्सच्या बाबतीत तो योग्यही असेल. डेबियनमध्ये ही मुरण्याची प्रक्रिया प्रकाशनाच्या आधीच होते. मार्च २०२५ पासूनच टप्प्याटप्प्याने नवे बदल स्वीकारणं थांबवलं होतं आणि पुढचे काही महिने फक्त दोष काढण्यात गेले. त्यामुळे कच्चेपणाची भीती बाळगायचं कारण नाही. खरी अडचण दुसरीच आहे. डेबियन 'स्टेबल' वापरणाऱ्याला दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या मिळतात. बाकी काही हलत नाही. मग एके दिवशी दोन वर्षांचे सगळे बदल एकाच संध्याकाळी अंगावर येतात. त्यांतले जे ठळकपणे दिसतात, म्हणजे नवा डेस्कटॉप, नवे आयकॉन, त्यांनी कुणाचं काही अडत नाही. जे गुपचूप बदलतात आणि आठवड्याभराने लक्षात येतात, ते नडतात. म्हणून या उत्तरात मी अशाच बदलांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी जुन्या मशीनचं पाहू, कारण तिथे चुकीचं पाऊल पडलं तर मागे येणं सगळ्यात अवघड. ट्रिक्सीपासून आय३८६, म्हणजे ३२-बिट इंटेल पद्धतीचे प्रोसेसर, हे नेहमीचं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) राहिलेलं नाही. त्यासाठी अधिकृत कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, इन्स्टॉलर नाही. त्याची पॅकेजेस अजून मिळतात, पण ती ६४-बिट सिस्टिमवर एखादा जुना ३२-बिट प्रोग्रॅम चालवता यावा एवढ्याचसाठी. शिवाय त्यांना एसएसई२ सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे बुकवर्म ज्या जुन्या चिप्सवर चालत होतं त्यांतल्या बऱ्याचशा इथेच बाद होतात. प्रकल्पाचा सल्ला स्पष्ट आहे: आय३८६ वर चालणाऱ्या मशीनने ट्रिक्सीवर अपग्रेड करू नये.

मात्र '३२-बिट मशीन' असं जे म्हटलं जातं, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही मशीन्सचा प्रोसेसरच ३२-बिट असतो. सुरुवातीच्या नेटबुक्समधला अ‍ॅटम एन२७० हे त्याचं ठळक उदाहरण. पण बऱ्याच मशीन्सचा प्रोसेसर ६४-बिट असतो आणि कधीकाळी, मेमरी कमी होती म्हणून किंवा हाताशी तीच सीडी होती म्हणून, त्यावर ३२-बिट डेबियन घातलेलं असतं. पुढे अपग्रेड होत होत ते तसंच राहतं. ओळखायला सोपं आहे. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड द्या आणि अगदी वरच्या ओळींमध्ये 'सीपीयू ऑप-मोड्स' शोधा. तिथे ३२-बिट आणि ६४-बिट असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर मशीन ६४-बिट आहे, फक्त सिस्टिम ३२-बिट आहे. अशा वेळी फाइल्स बाहेर काढा, एएमडी६४ ची, म्हणजे ६४-बिट प्रोसेसरसाठीची, इमेज घेऊन नव्याने इन्स्टॉल करा आणि फाइल्स परत आत घाला. इन्स्टॉल केलेली सिस्टिम तशीच ठेवून ३२ वरून ६४ वर नेण्याची एक पद्धत आहे, पण ती धोक्याची आहे आणि फाइल्स साठवण्यापुरत्या मशीनसाठी तिची काहीच गरज नाही.

तिथे फक्त ३२-बिट दिसलं तर ते मशीन बुकवर्मवरच राहू द्या. बुकवर्मची नेहमीची सुरक्षा-देखभाल १० जून २०२६ पर्यंत, आणि त्यानंतर एलटीएस (दीर्घकालीन देखभाल) गटाची ३० जून २०२८ पर्यंत आहे. एलटीएसमध्ये सगळ्या आर्किटेक्चर्सची जबाबदारी घेतली जातेच असं नाही, त्यामुळे त्या भरवशावर महत्त्वाच्या फाइल्स ठेवू नका. त्या दुसरीकडे हलवा आणि या मशीनला इंटरनेटपासून तोडा. चालतं मशीन मोडीत काढायला जीव होत नाही हे मला समजतं. पण ज्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत असं मशीन इंटरनेटला जोडून ठेवणं मला कुठल्याच परिस्थितीत पटत नाही.

आय३८६ ला ज्यातून वगळलं, ते या आवृत्तीतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. युनिक्स परंपरेतल्या सिस्टिम्स वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले यावर. हा आकडा ३२ बिटांत साठवला तर त्याची कमाल मर्यादा २१४,७४,८३,६४७. ती गाठली जाते १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला तो आकडा ऋण होतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागतं. ६४-बिट सिस्टिम्समध्ये वेळेचा हा आकडा आधीपासूनच ६४ बिटांचा होता. प्रश्न होता ३२-बिट आर्किटेक्चर्सचा, म्हणजे मुख्यतः एआरएमच्या छोट्या बोर्ड्सचा. ही उपकरणं एकदा कुठेतरी बसवली की वर्षानुवर्षं तिथेच चालत राहतात, त्यामुळे २०३८ त्यांच्यासाठी फार लांब नाही.

ट्रिक्सीमध्ये आय३८६ सोडून सगळ्या आर्किटेक्चर्सवर वेळेचा आकडा ६४-बिट झाला. ऐकायला एका ओळीचा बदल वाटतो. पण वेळ ही गोष्ट लायब्ररींच्या, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या, आतबाहेर सगळीकडे फिरत असते. एका लायब्ररीने तिचा आकार बदलला की तिच्यावर अवलंबून असलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावं लागतं, आणि तेही ठरावीक क्रमाने. हजारो पॅकेजेसची ही साखळी आर्महाफ आणि आर्मेल या एआरएमच्या ३२-बिट प्रकारांसाठी नव्याने ओवली गेली. आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण त्याचा उरलेला उपयोग म्हणजे जुने, पुन्हा बांधता न येणारे ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं. वेळेचा आकार बदलला असता तर नेमके तेच बंद पडले असते. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. आर्मेलसाठीही ही शेवटची आवृत्ती आहे. दुसरीकडे ६४-बिट रिस्क-व्ही आर्किटेक्चरला डेबियनमध्ये पहिल्यांदाच अधिकृत स्थान मिळालं.

याच कामाचा एक परिणाम तुमच्या सर्व्हरवर दिसेल. कोण कधी लॉग-इन झालं हे पाहण्यासाठीच्या लास्ट, लास्टबी आणि लास्टलॉग या जुन्या कमांड्स आता नेहमीच्या पॅकेजेसमध्ये नाहीत, कारण त्या ज्या फाइल्स वाचतात त्यांचा साचा २०३८ पुढे चालणारा नाही. त्यांची जागा डब्ल्यूटीएमपी-डीबी आणि लास्टलॉग२ यांनी घेतली आहे. तुमची एखादी स्क्रिप्ट रात्री 'लास्ट' चालवून अहवाल पाठवत असेल तर अपग्रेडनंतर तो अहवाल रिकामा यायला लागेल आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातही येणार नाही. गुपचूप बदल म्हणतो ते हे असे.

सर्व्हरकडे वळू. तुम्ही त्याच्याशी दुरून, एसएसएच वरून बोलत असाल तर पहिलं काम: अपग्रेडला हात लावण्याआधी बुकवर्म त्याच्या ताज्या पॉइंट रिलीजवर (साठलेल्या दुरुस्त्यांच्या आवृत्तीवर) आणा, विशेषतः ओपनएसएसएच सर्व्हरचं पॅकेज. जुन्या पॅकेजवरून थेट उडी मारली आणि मध्येच जोडणी तुटली, तर अपग्रेड संपेपर्यंत पुन्हा आत शिरता येत नाही अशी परिस्थिती उद्भवू शकते. बुकवर्मच्या पुढच्या दुरुस्त्यांमध्ये त्यावर उपाय केला आहे. दुसरं, डीएसए प्रकारच्या किल्ल्या आता अजिबात चालत नाहीत. सेटिंग बदलून चालू करण्याचीही सोय नाही. आत यायची एकमेव किल्ली तशी असेल तर आधी एडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली बनवा, ती सर्व्हरवर टाका, तिने आत येऊन पाहा आणि मगच पुढे चला. तिसरं, सगळं काम स्क्रीन किंवा टीमक्समध्ये करा, म्हणजे तुमचं नेट गेलं तरी अपग्रेड चालू राहील.

आता टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर. आजवर डेबियनमध्ये तो डिस्कवर असायचा. ट्रिक्सीमध्ये तो डीफॉल्टने मेमरीत, म्हणजे टीएमपीएफएसवर असतो, आणि मेमरीच्या ५० टक्क्यांपर्यंत जागा घेऊ शकतो. ही जागा आधीच अडवली जात नाही. फाइल्स पडतील तशी वापरली जाते. ज्या सर्व्हरची मेमरी भरपूर आहे तिथे हा बदल चांगलाच आहे: वेग वाढतो आणि डिस्कची झीज कमी होते. पण ४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर एखादी बॅकअप-स्क्रिप्ट टीएमपीमध्ये ३ जीबीची संकुचित फाइल बनवत असेल, तर २ जीबीवर 'जागा संपली' म्हणून ती थांबेल. डिस्कवर भरपूर जागा रिकामी दिसत असताना हा संदेश आला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून आधीच तुमच्या स्क्रिप्ट्समध्ये टीएमपीचा उल्लेख कुठे आहे ते शोधून घ्या. मोठ्या फाइल्स व्हार-टीएमपीमध्ये हलवा. तो डिस्कवरच असतो. किंवा सिस्टिमडीमध्ये (सगळ्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टीएमपी-माउंट हे युनिट 'मास्क', म्हणजे बंद, करून मशीन रीस्टार्ट करा, म्हणजे जुनी पद्धत परत येईल. ज्यांनी एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) टीएमपीसाठी वेगळं पार्टिशन दिलेलं आहे त्यांना काहीच करावं लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट सुटते. अपग्रेडच्या वेळी टीएमपीमध्ये ज्या जुन्या फाइल्स डिस्कवर होत्या त्या कुठेच जात नाहीत. नवा मेमरीतला टीएमपी त्यांच्यावर पांघरला जातो. त्या दिसत नाहीत, पण जागा खातच राहतात. पाहायच्या असतील तर मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या ठिकाणी बाइंड-माउंट करा, म्हणजे तिथेही जोडून दाखवा; तिथल्या टीएमपीमध्ये त्या सापडतील. शिवाय नव्याने इन्स्टॉल केलेल्या ट्रिक्सीमध्ये टीएमपीतल्या फाइल्स १० दिवसांनी आणि व्हार-टीएमपीतल्या ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. अपग्रेड केलेल्या मशीनवर ही सफाई सुरू होत नाही. पण जुन्या ३२-बिट मशीनवर तुम्ही नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर हे आकडे ध्यानात ठेवा, कारण व्हार-टीएमपीत 'तात्पुरत्या' म्हणून ठेवलेल्या फाइल्स पुष्कळदा कुणाच्या तरी कामाच्या असतात.

तिसरा गुपचूप बदल माझ्या मते सर्व्हरसाठी सगळ्यात महत्त्वाचा. ईटीसी फोल्डरमधली सिस-सीटीएल-डॉट-कॉन्फ ही फाइल आता सिस्टिम सुरू होताना वाचलीच जात नाही. कर्नलच्या नेटवर्क-सेटिंग्ज, पॅकेट फॉरवर्डिंग (नेटवर्कवरचा डेटा पुढे पाठवणं), काही सुरक्षेची बंधनं हे सगळं वर्षानुवर्षं लोक याच फाइलमध्ये लिहीत आले आहेत. अपग्रेडनंतर फाइल जागेवर असते, त्यातला मजकूरही शाबूत असतो, फक्त त्याचा परिणाम होत नाही. व्हीपीएन किंवा राउटर म्हणून काम करणारा सर्व्हर रीस्टार्टनंतर पॅकेट पुढे पाठवायचं थांबवतो आणि कुठेही एक ओळीचीही तक्रार दिसत नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: त्याच नावाच्या, शेवटी 'डॉट-डी' असलेल्या फोल्डरमध्ये तुमच्या सेटिंग्जची स्वतंत्र फाइल करा आणि तिचं नाव 'कॉन्फ' या विस्ताराने संपू द्या. हे बुकवर्मवर असतानाच करून टाका, तिथेही ते चालतं.

ईमेलसाठी तुम्ही डव्हकॉट हा मेल-सर्व्हर वापरत असाल तर त्याच्यासाठी खास वेळ काढा. ट्रिक्सीमधल्या २.४ आवृत्तीच्या कॉन्फिगरेशनची रचना जुन्याशी जुळत नाही. जुन्या फाइल्स घेऊन ते सुरूच होणार नाही. हे काम अपग्रेडच्या रात्री करायचं नसतं. आधी एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ट्रिक्सी टाका, तिथे तुमचं कॉन्फिगरेशन नव्या रचनेत लिहा, एक खातं उघडून मेल येतं-जातं का पाहा, आणि त्या तयार फाइल्स घेऊनच मूळ सर्व्हरकडे या. मला विचाराल तर या सर्व्हरच्या अपग्रेडची तारीख तुम्ही फक्त या एका गोष्टीवर ठरवावी.

डेटाबेसची गोष्ट त्या मानाने सरळ आहे, क्रम पाळला तर. मारियाडीबी १०.११ वरून ११.८ वर जातं. ते अपग्रेडपूर्वी व्यवस्थित बंद झालेलं असायला हवं, कारण अर्धवट बंद पडलेल्या डेटाची दुरुस्ती नवी आवृत्ती करू शकत नाही; ती ज्या आवृत्तीत बंद पडली तिनेच करावी लागते. पोस्टग्रेसचं वेगळं. तिथे १५ च्या शेजारी १७ येऊन बसतं आणि तुमचा डेटा १५ मध्येच राहतो. तो हलवण्यासाठी डेबियनची पीजी-अपग्रेडक्लस्टर ही कमांड आहे. त्याआधी १७ ने स्वतःहून बनवलेलं रिकामं क्लस्टर (डेटाबेसचा संच) काढून टाकावं लागतं. हे सगळं उरकून, डेटा १७ मध्ये दिसतोय याची खात्री झाल्याशिवाय 'ऑटोरिमूव्ह' चालवू नका. नको असलेली पॅकेजेस साफ करण्याच्या नादात १५ निघून गेलं तर डेटाच्या फाइल्स उरतील आणि त्या वाचणारा प्रोग्रॅम नसेल.

वेबसाइट पीएचपीवर असेल तर ८.२ वरून ८.४ वर जाईल. तुमची प्रणाली आणि तिचे प्लगिन्स ८.४ वर चालतात का ते आधी पाहून घ्या. पायथॉन ३.११ चं ३.१३ होतं, म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी ठेवलेली पायथॉनची जागा) नव्याने बनवावी लागतील. ३.१३ मधून सीजीआय आणि टेलनेटलिब यांसारखी काही जुनी मॉड्यूल्स कायमची गेली आहेत. घरगुती स्क्रिप्ट्समध्ये ती हमखास सापडतात.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. पायऱ्या फार नाहीत आणि त्या बदललेल्याही नाहीत. बॅकअप घ्या, आणि तो उघडून एखादी फाइल खरोखर परत येते का ते पाहा. बुकवर्म पूर्ण अद्ययावत करा. बाहेरच्या रेपॉझिटरीज, म्हणजे पॅकेजेस मिळण्याच्या डेबियनच्या नसलेल्या जागा, तात्पुरत्या बंद ठेवा. 'होल्ड'वर, म्हणजे बदलू नयेत म्हणून अडवून ठेवलेली पॅकेजेस मोकळी करा. बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते निदान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास जागा रिकामी असावी. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते यापेक्षा लहान असतं आणि अपग्रेड नेमकं कर्नल लिहिताना तिथे अडतं. मग सोर्सेसच्या यादीत जिथे जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी लिहा, सुरक्षेच्या ओळीसकट.

त्यानंतर पॅकेजेस सांभाळणाऱ्या एपीटी या प्रोग्रॅमची 'एपीटी अपडेट' ही कमांड. मग एपीटी अपग्रेड, पण 'नवी पॅकेजेस नकोत' हा पर्याय लावून. याने नव्या कुठल्याही गोष्टीशी न अडकलेली पॅकेजेस आधी वर येतात आणि पुढचा टप्पा हलका होतो. मग एपीटी फुल-अपग्रेड. इथे एंटर दाबण्यापूर्वी थांबा आणि 'काढली जाणारी पॅकेजेस' ही यादी ओळीओळीने वाचा. ट्रिक्सीमधलं एपीटी ३.० ही यादी लाल रंगात, वेगळी काढून दाखवतं आणि ती सोय फार उपयोगाची आहे. पण अपग्रेड सुरू करताना तुमच्याकडे अजून जुनंच एपीटी असतं, त्यामुळे या वेळी ती गर्दीतून स्वतःच शोधावी लागेल. त्यात डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज, डेटाबेस किंवा मेल-सर्व्हर दिसला तर 'नाही' म्हणा आणि कारण शोधा.

मध्येच काही फाइल्सबद्दल विचारणा होईल: तुमची बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजबरोबर आलेली घ्यायची? खात्री नसेल तर तुमची ठेवा. नवी फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' अशा विस्ताराने शेजारी पडून राहते, ती नंतर निवांतपणे ताडून बघता येते. एसएसएचच्या फाइलबद्दल हा प्रश्न आला आणि तुम्ही दुरून काम करत असाल, तर घाईत उत्तर देऊ नका. आधी 'फरक दाखवा' हा पर्याय निवडा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रीस्टार्ट करण्याआधी सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज बसलंय ना, एवढं बघा. ते सहसा आपोआप येतं, पण शिफारस केलेली पॅकेजेस टाळण्याची सेटिंग ज्यांनी केली आहे त्यांच्याकडे ते येत नाही. नेटवर्क कार्डाचं नावही काही हार्डवेअरवर बदलतं. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत हे सगळ्यात महागात पडतं, म्हणून कन्सोलवरून शिरायची सोय असल्याशिवाय दूरचा सर्व्हर रीस्टार्ट करू नका.

लॅपटॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे. डेस्कटॉप्सपैकी ग्नोम ४३ वरून ४८ वर, केडीई प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३ वर, एक्सएफसीई ४.१८ वरून ४.२० वर जातं. प्लाझ्मामध्ये मुख्य आकडाच बदलल्यामुळे बाहेरून आणलेले विजेट्स आणि थीम्स चालणार नाहीत. ते आधीच काढून ठेवलेलं बरं. कर्नल ६.१ चं ६.१२ होतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या लॅपटॉपचं वाय-फाय किंवा ग्राफिक्स बुकवर्मवर रडत असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतं. ६.१२ मध्येच रिअल-टाइमसाठीचे, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम होईल याची हमी देणारे, बदल मूळ कर्नलमध्ये सामील झाले. बाहेर राहून जवळपास वीस वर्षं चाललेलं ते काम मुख्य प्रवाहात आलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला. तुमच्या लॅपटॉपवर त्याने फरक पडणार नाही, पण ध्वनिमुद्रण किंवा यंत्रनियंत्रण करणाऱ्यांना पडेल. लिबरऑफिस २५.२ आणि गिम्प ३.० येतात; गिम्पची जुनी प्लगिन्स नव्या आवृत्तीत चालत नाहीत. ग्राफिक्स कार्डासाठी एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर वापरत असाल तर नव्या कर्नलचे हेडर्स बसलेत याची खात्री रीस्टार्टआधी करा, नाहीतर स्क्रीन काळी येईल.

रीस्टार्टनंतर सर्व्हरवर सिस्टिमडीला 'फेल्ड' सेवांची यादी मागा. ती रिकामी असेल तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण वर सांगितलेल्यांपैकी निम्मे बदल या यादीत येतच नाहीत. पॅकेट फॉरवर्डिंग चालू आहे का ते थेट कर्नलला विचारा. टीएमपी कुठे माउंट झालाय ते बघा. बाहेरच्या पत्त्यावर एक मेल पाठवा आणि तिथून एक मागवा. बॅकअप-स्क्रिप्ट रात्रीची वाट न पाहता हाताने चालवा. पिंग सामान्य वापरकर्त्याकडून चालतं का तेही पाहा. त्याला आता वाढीव अधिकार मिळत नाहीत आणि एखाद्या देखरेखीच्या स्क्रिप्टला ते जाणवू शकतं.

सगळं ठीक दिसलं की बाहेरच्या रेपॉझिटरीज एकेक करून परत चालू करा, प्रत्येकाची ट्रिक्सीसाठीची आवृत्ती आहे हे पाहून. एपीटी-की ही जुनी कमांड आता नाही, त्यामुळे प्रत्येक रेपॉझिटरीची किल्ली कीरिंग्ज फोल्डरमध्ये स्वतंत्र ठेवून तिचा पत्ता सोर्समध्ये लिहावा लागतो. 'एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस' ही नवी कमांड तुमची एक-ओळीची जुनी यादी नव्या रचनेत बदलून देते आणि जुन्या फाइल्सही शेजारी राखून ठेवते. ती चालवून घ्या, पण अपग्रेडच्या दिवशी नको. त्या दिवशी जेवढ्या कमी गोष्टी हलतील तेवढं बिघाडाचं कारण शोधणं सोपं जातं.

पोस्टग्रेसचा डेटा हलवून झाला, डीपीकेजी-डिस्टच्या फाइल्स ताडून झाल्या, आणि निदान एक पूर्ण आठवडा, म्हणजे साप्ताहिक बॅकअपसकट, सुरळीत गेला की मग 'ऑटोरिमूव्ह' चालवा. बुकवर्मचं ६.१ कर्नल तोवर बूट-मेन्यूमध्ये राहू द्या. नव्या कर्नलवर एखादं डिस्क-कंट्रोलर किंवा नेटवर्क कार्ड हट्टाला पेटलं, तर त्याच मेन्यूतून जुनं निवडून सर्व्हर काही मिनिटांत पुन्हा उभा करता येतो.